बाणाचा आखाडा

परवा माझ्या भाच्याने मोबाइल थेट माझ्या नाकासमोर धरला. पडद्यावर एक भलामोठा पांढरा नळा आकाशातून खाली येत होता. बुडाला जाळ, बाजूला धूर. जमीन जवळ आल्यावर त्याने पाय फाकवले आणि एका गोल चौथऱ्यावर तो अलगद उभा राहिला. भाच्याने अशा टाळ्या पिटल्या की जणू यानेच तो उतरवला. पूर्वी रॉकेटचा हा भाग समुद्रात पडून फुकट जायचा, आता तोच पुन्हा उडवतात, असं त्याने मला समजावून सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खाली काय टाकलंय?"

"खाली म्हणजे?"

"ज्याच्यावर ते उतरलं, ते. काँक्रीट आहे की आणखी काही? एवढा जाळ सोसतं कसं?"

"मावशी, ते कोण बघतं?" तो म्हणाला.

मला हसू आलं, कारण तो प्रश्न माझा नव्हताच. तो कोळेकर सरांचा प्रश्न होता, आणि त्यावर लोक देत ते उत्तरही वर्षानुवर्षं हेच होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. कराडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी गणित शिकवत होते आणि सिद्धनाथ कोळेकर सर सिव्हिलच्या मुलांना माती शिकवत होते. विषयाचं इंग्रजी नाव चांगलं लांबलचक होतं, पण सर त्याला मातीच म्हणायचे. "आज माती हाय का तुमची?" असं ते मुलांना विचारत, आणि नवीन आलेली मुलं घाबरत. अंगाने आडवे, मान जवळपास नाहीच, आणि दोन्ही कान मोडलेले. असे कान फक्त तालमीत होतात. तरुणपणी सर कुस्ती खेळायचे. किती कुस्त्या मारल्या असं कुणी विचारलं की म्हणत, "मारलेल्या इचारू नका, पडलेल्या इचारा. आस्मान म्या लय बगितलंय."

मी वाईची. आमच्या घरात कुस्ती म्हणजे पेपरच्या शेवटच्या पानावरची गोष्ट, आणि स्टाफरूममध्ये मान खाली घालून बसणारा माणूस म्हणजे हमखास काहीतरी कारस्थान करणारा, अशी माझी समजूत. सर सदानकदा खाली बघत चालायचे. "खाली मुंडी पाताळधुंडी" असं मी त्यांचं नाव पाडलं आणि ते स्टाफरूमभर पसरलंही. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले. मला म्हणाले, "बरोबर हाय मॅडम. पाताळच धुंडतो म्या. वरचं धुंडणारे लय हायती." ज्याला टोपणनाव ठेवावं त्यालाच ते आवडावं यासारखा दुसरा पराभव नाही. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

चालता चालता सर वाकून मातीची चिमूट उचलत, बोटांनी चुरत, हुंगत आणि रुमालाच्या टोकाला गाठ मारून ठेवत. त्यांच्या रुमालाला कायम चार गाठी. त्यांची बायको तो रुमाल धुवायला घ्यायची नाही, आणि तिचं काही चुकत नव्हतं. कोयनेचा भूकंप आमच्या कराडला नवीन नाही. कपबशा वाजल्या की आम्ही सगळे स्टाफरूममधून पटांगणात. प्राध्यापक काय आणि शिपाई काय, पळताना सगळे सारखेच. सर मात्र खुर्चीवरून उतरून फरशीवर तळहात टेकून बसायचे. नंतर बाहेर येऊन सांगायचे की आज खालून जरा तिरकं आलं. बाहेर पळायचं असतं हे सिव्हिलच्या माणसाला सांगावं लागतं का, असं मी एकदा चिडून म्हटलं, तर म्हणाले, पळायच्या आधी कुणीतरी ऐकून घ्यायला नको का?

तोंडी परीक्षेत त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मुलगा समोर बसला की विचारायचे, "तू पडलास तर कुठं पडशील?" एका मुलाने हात जोडून सांगितलं, "नाही पडणार सर, सगळा अभ्यास केलाय." सर इतके हसले की बाहेरून आलेले परीक्षक वैतागले. बिचाऱ्या मुलाला वाटलं नापास व्हायचं म्हणताहेत. सरांना विचारायचं होतं पायाखाली काय आहे, मुरूम की काळी माती, कोरडी की ओली. माणूस चढायच्या आधी त्याला पडायची जागा ठाऊक पाहिजे, हे त्यांच्या सगळ्या विद्येचं सार होतं.

त्याच परीक्षकांची आणखी एक गोष्ट. काम संपल्यावर ते उठले, बॅग उचलली आणि म्हणाले, "बरं, जातो मी." सरांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना परत खुर्चीत बसवलं. आपल्याकडे जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? पण आपण म्हणतो आणि सोडून देतो. सर सोडून देणाऱ्यातले नव्हते. "असं उठून जात न्हाईत. बसा, पानी प्या, आन् येतो म्हणा." ते गृहस्थ पुण्याचे. त्यांना स्टेशन गाठायचं होतं आणि असल्या गोष्टी ते मानत नव्हते. पण कोळेकर सरांचा पंजा हातावर असताना न मानणं अवघड होतं. पाणी प्यायले, येतो म्हणाले आणि पळत सुटले. गाडी उशिरा आली म्हणून सापडली.

सरांचे वडील मेंढरं घेऊन मुलखावर जायचे. आटपाडीकडच्या कोरड्या माळावरून निघायचे ते महिनोन्‌महिने परत यायचे नाहीत. निघताना सरांची आई बायाक्का उंबऱ्यापाशी उभी राहायची, आणि नवऱ्याने "येतो" म्हटल्याशिवाय त्याला पाऊल टाकू द्यायची नाही. गेलेलं माघारी आलं पाहिजे, हा सरांच्या घरचा एकच धर्म. बाकीचे देव त्यानंतर.

एकदा लायब्ररीतलं एक परदेशी मासिक घेऊन सर माझ्या टेबलापाशी आले. अमेरिकेत शंकूच्या आकाराचं एक यान वर उडून, थोडं आडवं सरकून पुन्हा उभंच्या उभं खाली उतरलं होतं. पानभर फोटो होता, जाळ आणि धुळीचा लोट. मी यानाचं कौतुक करायला लागले तर त्यांनी पानाच्या तळाशी बोट टेकवलं. "एवढा मजकूर छापलाय, पन खाली काय टाकलंय ते न्हाई सांगितलं." आणि तक्रार केल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "मॅडम, वर जानारं समदे बगत्यात. खाली येनाऱ्याची जागा कुनीतरी केली आसंल का न्हाई?"

त्यांना हे एवढं का लागतं ते मला पुढे कळलं, आणि तेही बायाक्काकडून.

त्यांच्या गावच्या बिरोबाच्या जत्रेत बाण सोडायची रीत होती. बाण म्हणजे दारूचा. फटाक्याच्या दुकानात मिळतं तसलं बारीक काम नाही, तर माणसाच्या मांडीएवढी नळी आणि तिला बांधलेली लांब बांबूची दांडी. गावातलं आतारांचं घर पिढ्यान्‌पिढ्या हे बाण भरत आलेलं. बाण वर गेला की सगळं गाव "चांगभलं" म्हणून मान वर करायचं. जळकी दांडी कुठे पडते हे कुणी बघत नव्हतं. सर लहान असताना ती त्यांच्या कडब्याच्या गंजीवर पडली. कोरडं साल, वर्षाची वैरण, सगळी गंजी उभी जळाली. सरांच्या वडिलांनी पोराला जवळ घेऊन सांगितलं की देवाचा बाण हाय, बोलायचं न्हाई. आणि ते बोलले नाहीत. त्या वर्षी मेंढरं नेहमीपेक्षा लवकर मुलखावर निघाली. पोरगं तेवढं मान खाली घालून चालायला लागलं.

मी ज्या वर्षाचं सांगते आहे त्याच्या आदल्या जत्रेत दांडी एका गोठ्यावर पडली. जनावरं सुटली, माणसं वाचली, पण छप्पर गेलं. तालुक्याचे साहेब गावात आले आणि बाण बंद करायला सांगून गेले. ग्रामसभा भरली. सर कराडहून मुद्दाम गेले. गावाला वाटलं, ज्याची गंजी जळली तो आता बोलणार, आणि शिकलेला माणूस बंदीच्याच बाजूने बोलणार. सर उभे राहिले आणि म्हणाले की बाणाचा काही दोष नाही. त्याने कुठे पडायचं हे आपण कधी ठरवलंच नाही, दोष आपला आहे. मग सगळ्या गावापुढे त्यांनी शब्द दिला. येत्या जत्रेला सकाळच्या उजेडात, साहेबांच्या समोर बाण ठरलेल्या जागेत उतरवीन. तोच बाण पुन्हा भरून पुन्हा सोडीन आणि पुन्हा तिथेच उतरवीन. नाही जमलं तर बंदीचा ठराव मी स्वतः मांडीन.

आतार चाचा म्हातारे झाले होते. बाण त्यांच्या हाताचा, त्यामुळे सगळ्यात जास्त अपमान त्यांना वाटला. ते म्हणाले, "सिदा, सुटलेला बाण आन् बोललेला शब्द परत येत न्हाई. ये बात दुनिया जानती है. परत आला तर त्येला बाण कशापायी म्हनायचं?"

"मंग शब्द परत घेत न्हाई, चाचा," सर म्हणाले. "बाण आनतो."

म्हणजे पणाला लागलं होतं ते हे. बाण बंद झाला असता तर आतारांच्या घराचं काम संपलं असतं, जत्रेचा जीव गेला असता, आणि ते सगळं करणाऱ्याचं नाव सिदा कोळेकर राहिलं असतं. गाव दारूच्या बाणाला विसरलं असतं पण सरांना विसरलं नसतं.

सरांनी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची नळी करून घेतली. दांडी काढून टाकली आणि तिच्या जागी शेपटीला पत्र्याचे पंख बसवले. टोकाला कापडी छत्री घडी करून भरली, वर पोचल्यावर ती उघडावी अशी सोय चाचांनी दारूच्या एका पुडीने केली. कुरकुरत केली, पण केली. माझ्याकडे काम आलं ते एवढंच की वारा अमुक असला तर छत्री कुठवर वाहत जाईल आणि उतरायची जागा केवढी गोल हवी. मी दोन रविवार घालवून आकडा काढला. सरांनी तो वाचला, मान डोलावली आणि जागा दुप्पट मोठी धरली. का, असं विचारलं तर म्हणाले, "तुमचं गनित बरोबर हाय. पन आमच्या माळाच्या वाऱ्यानं ते वाचलेलं न्हाई." मला राग आला. वाईच्या माणसाला राग आला की तो गप्प बसतो, तशी मी गप्प बसले.

जत्रेच्या आधी एकदा करून बघायचं ठरलं. सर कॉलेजात अडकलेले, म्हणून त्यांनी गावात निरोप पाठवला की देवळामागच्या माळावर गवत काढून मोठं खळं करून ठेवा. आम्ही दोघं आदल्या दिवशी एस.टी.ने निघालो, मुक्काम बायाक्काकडे. विट्याच्या पुढे उसाचं हिरवं संपतं आणि जमीन आपली हाडं दाखवायला लागते. सर खिडकीत बसून प्रत्येक माळाची माती मला ओळख करून दिल्यासारखी सांगत होते. सकाळी माळावर पोचलो आणि सर एकदम थांबले.

समोर खळं होतं. आणि ते खरंच खळं होतं. गावातल्या बायकांनी पाणी मारून, चोपण्याने चोपून, बैल फिरवून जमीन अशी टणक केली होती की तीवर गोटी टाकली असती तर ती गावाबाहेर गेली असती. वरून शेणाने सारवलेलं. कडेने रांगोळी. मधोमध हळदकुंकू. माझा पाय पुढे पडला तसा बायाक्काने माझा दंड धरला. "चपला भायेर, बाय. खळं हाय ते." मी निमूट चपला काढल्या.

सरांना हवी होती फक्त गोल, मोकळी, गवत नसलेली जागा. समजायला सोपं जावं म्हणून त्यांनी खळं हा शब्द वापरला. पण आमच्याकडे शब्द नुसता आकाराचा नसतो, त्याच्याबरोबर सगळी रीत येते. खळं म्हटल्यावर ते चोपायचं, सारवायचं आणि त्याला नमस्कार करायचा. बायका गेले चार दिवस खपत होत्या, आणि त्यात पुढे होती सरांची स्वतःची आई. हात शेणाने भरलेले, चेहऱ्यावर लेकाच्या कामाचा अभिमान. सर तिला काय बोलणार? "लय झ्याक झालंय आक्का," एवढंच म्हणाले.

बाण सुटला. छत्री उघडली. आम्ही सगळे मान वर करून ओरडत होतो, आणि सर एकटे खाली बघत उभे होते. नळी खळ्यावर आली, ठण्णकन आपटली, उसळली आणि पुन्हा आपटली. पंख वाकले, जाळ बाहेर पडायच्या तोंडाची कडी फुटली. गरम बुडाखाली सारवण धुमसलं आणि रांगोळीवरून धुराची एक रेघ निघाली. सरपंच जवळ आले आणि समजूत घातल्यासारखं म्हणाले की सर, पडला तर जागेवर, पण हा काही पुन्हा उडत नाही. आतार चाचांनी फुटकी कडी उचलून बघितली आणि ती सरांच्या हातात ठेवली. बायाक्का पदराने सारवण विझवत होती. आपलंच काहीतरी चुकलं हे तिला कळलं होतं, काय चुकलं ते कळत नव्हतं.

सर उकिडवे बसले. तळहात त्या टणक जमिनीवर टेकवला, भूकंपाला टेकवायचे तसा. मला वाटलं हा माणूस मोडला, आणि खरं सांगते, मला रडू यायला लागलं. ठरावाचं भाषण करताना ते मला दिसायला लागले.

आणि मग सर उठले आणि त्यांनी शड्डू ठोकला. पँट आणि इन केलेला शर्ट घातलेल्या, मातीच्या प्राध्यापकाने, अख्ख्या गावासमोर मांडीवर असा दणका दिला की देवळावरची कबुतरं उडाली.

"आक्का, तुजं काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. "म्याच शब्द चुकलो. खळ्यात आपटलेलं फुटावं म्हनून जमीन टनक करत्यात. आखाड्यात आपटलेला उठावा म्हनून मऊ करत्यात. आपल्याला खळं नगं. आखाडा पायजे."

गावाला समजायला एवढं पुरलं. ज्या मुलखात दर गावाला तालीम, तिथे आखाडा कसा करतात हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण त्या माळावर लाल माती कुठून आणायची? इथेच घोडं पेंड खात होतं. पुढचे सगळे रविवार सर आपल्या राजदूत मोटरसायकलवरून सांगली आणि साताऱ्याच्या बाजूच्या तालमी हिंडले. जिथे जिथे त्यांना पूर्वी कुणीतरी चीत केलं होतं तिथे तिथे गेले. पुढे ते मला सांगायचे की जिंकलेल्या माणसाला कुणी ओळख देत नाही, पण ज्याला आपण पाडलं त्याला कुणी विसरत नाही. "आमच्या वस्तादांनी ज्येला पाडला तोच का तू?" असं विचारून म्हातारे पैलवान त्यांना मिठी मारायचे. आणि मातीची गाडी जुंपून द्यायचे.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात गाड्या यायला लागल्या. कुठल्या बैलगाड्या, कुठल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, आणि प्रत्येकीत त्या त्या तालमीची माती, ताक, तेल आणि हळद मुरलेली. बरोबर पोरं फावडी घेऊन आली. त्यांनी आधी खळं खणून काढलं. बायाक्का बाजूला उभी राहून बघत होती. तिचं सारवण उकरलं जाताना मला कसंतरी झालं, पण ती म्हणाली, "उकरू द्या. पोरगं पडायचं हाय माजं, मऊच पायजे." मग माती पसरली, पाण्याचा हबका मारला, पुन्हा खणली, पुन्हा पसरली. माळाच्या पांढऱ्या अंगावर एवढा मोठा लाल गोल मी त्याआधी कधी बघितला नव्हता. त्या मातीचा वास कराडला परत आल्यावरही माझ्या साडीला होता.

जत्रेची सकाळ. पंख सरळ करून आणि नवी कडी बसवून नळी वर्कशॉपमधून परत आलेली. तालुक्याचे साहेब खुर्चीवर. आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं लोटलेली. सरांनी मूठभर धूळ हवेत सोडली आणि ती कुठे जाते ते बघितलं. बाण उभा करून सोडायची लाकडी घोडी बैलगाडीवर ठेवली होती. ती गाडी त्यांनी वाऱ्याच्या बाजूला नेली, पुन्हा धूळ सोडली, जराशी मागे घेतली. साहेबांनी विचारलं की हे काय चाललं आहे. सर म्हणाले, "आखाडा जाग्यावरनं हलत न्हाई साहेब. कुस्ती धरनाऱ्यानं सरकायचं."

मग त्यांनी नळीवर हात ठेवला. आतार चाचा वात घेऊन उभे. सर नळीला म्हणाले, "येतो म्हन." आता नळी काय बोलणार? तेव्हा त्यांनी स्वतःच तिच्या वतीने मोठ्याने म्हटलं, "येतो!" आणि मागे उभ्या असलेल्या बायाक्काने, नवऱ्याला द्यायची तसा, जबाब दिला. "ये रं बाबा." तिचं ऐकून बायका म्हणाल्या, मग गडी म्हणाले, मग सगळा माळच "ये, ये" म्हणायला लागला. मी गणिताची बाई, पण मीही म्हटलं.

बाण गेला. वर जाऊन फटाक्यासारखा आवाज झाला, छत्री उमलली, आणि तो वाऱ्यावर झुलत आमच्याकडे यायला लागला. या वेळी एक गोष्ट घडली, ती मी कधी विसरणार नाही. गावातलं कुणीही वर बघत नव्हतं. सगळे त्या लाल मातीकडे बघत होते, सर बघायचे तसे. नळी आली, धप्प झालं, आणि मऊ मातीत बूड रुतवून ती उभी राहिली. उभीच्या उभी. छत्री तिच्या बाजूला पदरासारखी पडली.

"बिरोबाच्या नावानं" असं कुणीतरी म्हणालं आणि "चांगभलं" इतकं मोठं झालं की साहेब खुर्चीतून उठले. पण सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. शब्द दोनदाचा होता. चाचा चप्पल काढून आखाड्यात गेले, नळी निवू दिली, फडक्याने पुसली आणि तिला टोकापासून बुडापर्यंत हात लावून बघितला. कुठे चीर नाही, पंख सरळ. चाचांनी तिथेच मातीत बसून तिच्यात दारू भरली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता. एवढी वर्षं आपल्या हातचं जे वर गेलं ते गेलंच, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. पहिल्यांदा एक परत आलं होतं.

दुसऱ्या खेपेला वारा मध्येच फिरला. छत्री कडेकडे सरकायला लागली. गर्दी तिच्याबरोबर सरकली आणि मला माझा आकडा आठवला. मी सांगितलेल्या गोलाच्या ती बाहेर गेली होती. सरांनी आखलेल्या गोलाच्या आत, अगदी काठाला, ती रुतली. सरांनी गर्दीतून माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही बोलले नाहीत. मोठेपणा म्हणतात तो हाच, आणि तो मला अजून बोचतो.

साहेबांनी तिथल्या तिथे परवानगी दिली, अट एकच, की बाण ह्या पद्धतीने आणि ह्याच जागेवर. भंडारा उधळला. पोरांनी नळी पालखीत घातली, देवाच्या शेजारी, आणि चाचांना खांद्यावर घेतलं. सरांनाही उचलायला आले होते, पण तोवर ते कुठेतरी सटकले. हलगी वाजत मिरवणूक देवळाकडे गेली आणि बायाक्का त्या गर्दीत हातवारे करून कुणालातरी सांगत होती की माती कशी मऊ लागते.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं एका स्टाफरूममध्ये चहा प्यायलो. सर रिटायर झाले, गावी गेले, आणि आता ते नाहीत. पण त्यांची आठवण काढायची म्हटलं की मला त्यानंतरचं काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की देवळापाशी गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी अनवाणी आहे. चपला आखाड्याच्या काठाला राहिल्या होत्या. मी एकटीच परत माळावर आले.

आखाड्याच्या मधोमध सर उताणे पडले होते. हात पसरलेले, शर्ट लाल झालेला, आणि दोन्ही खांदे मातीला टेकलेले. कुस्तीच्या नियमाने बघितलं तर हा माणूस चितपट झाला होता. जन्मभर मान खाली घालून चाललेला तो माणूस टक लावून वर बघत होता.

मी घाबरून हाक मारली. ते हलले नाहीत, पण हसले.

"आस्मान बगतोय मॅडम," ते म्हणाले. "आजवर लय जनांनी दाखवलं. आज माजं मी बगतोय."

मी चपला हातात घेतल्या. पायात घालाव्यात असं वाटेना. "येते मी, सर," मी म्हटलं.

"या," ते म्हणाले, आणि वरच बघत राहिले.